समासातली ओळ

नंदुरबार सोडून निझरच्या बाजूला निघालं की
आधी शिंक येते,
मग पथारी दिसते.
सात एकर मिरची उन्हाकडे तोंड करून पडलेली,
मधल्या पायवाटांनी बायका चालतात,
तोंडावर पदर, फक्त डोळे उघडे,
आणि डोळेच तर झोंबतात.

त्या दिवशी माझे सातशे रुपये ठरले होते.
काम दुभाष्याचं.
पुण्याहून मृदुला तांबट मॅडम आल्या होत्या,
काखेत फाइल, फाइलीत एकशे बारा प्रश्न,
प्रत्येकापुढे तीन चौकटी:
हो. नाही. लागू नाही.
रतिलालभाऊंच्या पथारीला प्रमाणपत्र मिळणार की नाही
हे त्या चौकटी ठरवणार होत्या,
आणि जर्मनीचा कंटेनर त्या चौकटींवर थांबला होता.

पिण्याचं पाणी? हो.
माठ नवा, त्यावरची किंमत पुसायची राहिलेली.
तक्रारपेटी? हो.
कुलूप मजबूत.
किल्ली मुनीमजींच्या करगोट्याला.
सांडपाणी? इथे रतिलालभाऊ स्वतः बोलले,
बराच वेळ बोलले,
आणि त्यांच्या मागे नाला लाल वाहत राहिला.

हातमोजे? हो.
मॅडमनी टिकलं, पान उलटलं,
मग काय वाटलं कोण जाणे, पान परत मागे घेतलं
आणि म्हणाल्या, त्या बाईंना विचारा,
त्यांनी घातलेले का नाहीत.

ठगीबाई वळवी देठ खुडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मोजा शेतस ना भाऊ. पन माणसेसना मापना.
बोटं रिकामा लोंबतस, देठ धरता येत नही."
आणि मग, कुणी न विचारता,
"रातले धाकल्याले पदरवरथीन थापटस मी.
हात लावा ते रडस."

पहिलं वाक्य मी लगेच सांगितलं.
दुसऱ्यापाशी अडलो.
ते प्रश्नात नव्हतं.
माझा मावसभाऊ तिथेच काट्यावर होता,
मी नुकताच भाऊंचा चहा प्यायलो होतो,
आणि एका पदराला चौकट कुठली?
पण मॅडम माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या,
बाई जास्त बोलली, तू कमी का सांगतोयस, अशा.
मी सांगितलं.

त्यांनी फाइल आडवी धरली,
समासात, जिथे कुणी लिहीत नाही तिथे,
बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.
एक ओळ. फार तर दीड.

निकाल आला:
त्रुटी किरकोळ. मुदत नव्वद दिवस. तोवर प्रमाणपत्र नाही.
रतिलालभाऊ फोनवर ओरडले,
समासापायी माझा कंटेनर अडला!
चाळिसाव्या दिवशी सुरतेहून खोकं आलं,
लहान मापाचे मोजे, चौसष्ट जोड,
आणि न मागता गोडेतेलाची बुधली.

नाल्यापुढे मात्र अजून लिहिलेलं असतं,
सुधारणा सुरू आहे.
हे तिसरं वर्ष.
नाल्याला बोलता येत नाही,
त्याला दुभाष्या कोण देणार.

परवा गेलो होतो, मावसभावाकडे, कामाविना.
ऑफिसात काचेमागे प्रमाणपत्र,
हिरवं पान छापलेलं, खाली इंग्रजी सही.
ठगीबाई दारातून आत वाकली,
मोज्याचं अंगठ्याजवळ फाटलेलं तिने
लुगड्याच्या काठाने शिवलं होतं.
म्हणाली, वाच बरं, आमनं नाव शे का त्यामा?

मी पूर्ण वाचलं.
नाव भाऊंचं, पथारीचं, तालुक्याचं.
सगळ्यात खाली: कामगार, चौसष्ट.

ती जरा वेळ काचेकडे बघत राहिली.
काचेत तिचाच पदर दिसत असावा.
"चौसष्टमा," तिने विचारलं,
"मी कितवी?"