खटका

स्लाइड क्रमांक अडतीस माझी आहे.
तिच्यावर नाव नाही, म्हणून सांगून ठेवते.

ओसाका, तेविसावा मजला. खाली योदो नदी,
कुठल्याही ताळेबंदात नसलेली, वाहते आहे.
आमच्या विभागाचं काम बाण काढणं.
वर जाणारे निळे, खाली जाणारे करडे.
लाल रंग अध्यक्षांना सोसत नाही.

त्या वर्षी टीव्हीचा धंदा सलग सातव्यांदा तोट्यात.
समुद्रापलीकडचे लोक आमच्याचसारख्या काचा
एक तृतीयांश कमी भावात विकत होते,
आणि वाईट विकतात म्हणायचीही सोय नव्हती.
मग ठरलं, रिमोटला बटणं नकोत.
सपाट काच. बोट टेकवलं की झालं.
एका रिमोटमागे एकोणीस येन वाचतात.
एकोणीस येनांत इथे घोटभर चहा येत नाही,
पण नव्वद लाखांनी गुणा.

गुणलं मीच.

फुकुयामाला गेले, बंद करायच्या वस्तूंची यादी घेऊन.
विभाग म्हणजे एक खोली, तीन माणसं, रबराचा वास,
आणि उएमिची तात्सुहेई. एकतीस वर्षं एकच काम:
दाबल्यावर बोटाला काय वाटावं, ते ठरवणं.
त्या खोलीत बटणाला बटण म्हणत नसत.
खटका म्हणत.

'डोळे मिटा, हिराबे-सान.'
समोर सात रिमोट.
पहिला लिबलिबीत, ओल्या मोचीसारखा.
दुसऱ्यात नुसता आवाज, आत कोणी राहत नसल्यासारखा.
तिसरा, चौथा आठवत नाहीत.
पाचव्यावर बोट जरासं खाली गेलं,
अडलं,
आणि आतून कोणीतरी 'हो' म्हणालं.

हा आपला, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला.
'पंचावन्न ग्रॅम. साठ ठेवले तर म्हातारी बोटं थकतात.
पन्नास ठेवले तर
झोपलेलं मूल कूस बदलताना चॅनल बदलतं.'

परतीच्या शिंकानसेनमध्ये स्लाइड अडतीस पुरी केली.
काय मिळतं: सतरा कोटी दहा लाख येन.
काय जातं: ग्राहकाला फरक जाणवत नाही.
पाहणीत एक्क्याऐंशी टक्के तसं म्हणाले होते.
उरलेल्या एकोणीसांत मी बसले असते,
पण मला कोणी विचारलं नाही
आणि मीही सांगितलं नाही.

उएमिचींना 'नवी दिशा कक्षा'त बसवलं.
खिडकी नाही. फोन नाही.
दिवसभर स्वतःसाठी नोकरी शोधायची,
संध्याकाळी शोधल्याचा अहवाल द्यायचा.
ते पेनाचं टोक टकटक आतबाहेर करत बसायचे म्हणे.
शेजारच्या टेबलाने तक्रार केली.
मार्चमध्ये त्याच पेनाने त्यांनी सही केली असावी.

एप्रिलमध्ये भरलं सभागृह, नवा रिमोट.
अध्यक्षांनी काचेवर बोट टेकवलं.
टीव्ही जागा व्हायला क्षणभर घेतो, सगळेच घेतात.
पण बोटाला उत्तर आलं नाही,
म्हणून त्यांनी पुन्हा टेकवलं.
पडदा उजळला. विझला.
पुन्हा.
उजळला, विझला.
कोणी हसलं नाही. आमची पूर्ण रांग
थोडी अधिकच ताठ बसली.

पुढे रिमोटमध्ये थरथरणारी मोटर बसवली,
दाबल्याचं बोटाला कळावं म्हणून.
चौतीस येन.
ती स्लाइडही माझीच. बाण निळा.

यादीत मी लिहिलं होतं, 'नमुने नष्ट: सात'.
नष्ट सहाच केले.
पाचवा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
त्याचा टीव्ही आता कोणी बनवत नाही.
मजला रिकामा झाला की कधीतरी तो बाहेर काढते,
नदीकडे रोखते, दाबते.
नदी तशीच.
समोरच्या इमारतीत कोणाचा तरी दिवा जातो,
त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मला ठाऊक आहे.
पंचावन्न ग्रॅम. बोट अडतं.
घरी जाताना लिफ्टमध्येही
तो खटका मनातून जात नाही.