तोड

सहा वाजून दहा मिनिटांनी सरकारी घाटावर
डोहमगर उठणार, असं मोबाईल सांगत होता.
मी फ्यूज कॉलवरून परस्पर आलो,
खांद्याच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, रबरी मोजे
आणि खिशात भट्टासूर,
दोन वर्षं चारून वाढवलेला,
चार हजार ताकदीचा.

पायरीवर तिघं आधीच बसलेली.
रेवण पट्टणशेट्टी, बापाचं हळदीचं गोदाम,
नखं बारा महिने पिवळी.
तस्नीम मुजावर, फार्मसीचं दुसरं वर्ष.
धवल चौगुले, आठवीत;
भडंगाचा पुडा त्याच्या हातात, म्हणजे कॅप्टन तोच.

त्यानं माझा भट्टासूर बघितला
आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसा चेहरा केला.
"काका, हा आगीचा. पाण्यापुढं निम्मा होणार."
"अरे पण ताकद बघ की!"
"ताकद नाही बघायची. जात बघायची."

पायरीवर क्षणभर कुणी भडंग खाल्लं नाही.

"प्रकार म्हण," तस्नीम म्हणाली.
"बरं, प्रकार." आणि त्यानं पुडा पुढं केला.

तालमीत वस्ताद हेच सांगायचे
(मी दोनच महिने गेलो, कान मोडायच्या आत पळालो):
डाव काय, सगळ्यांनाच येतो.
तोड ज्याला सुचते, तो गडी.

धवलनं भूमितीची वही काढली, मागचं पान.
पाण्यावर वीज, दुप्पट.
पाण्यावर गवत, दुप्पट.
"कडाड्या असेलच ना तुमच्याकडं? वायरमन तुम्ही."

होता.
पकडल्यापासून यादीच्या तळाशी,
एकदाही मैदानात न उतरवलेला.

आता या पोराला कसं सांगू,
पाणी चढायला लागलं की आमचं पहिलं काम
वीज काढून घेणं.
महापुरात गावभागाचा फीडर मी पाडला,
याच हातानं, रात्री पावणेतीनला.
अख्खी पेठ काळी झाली.
वरच्या मजल्यांवरून लोक ओरडत होते,
शिव्या असत्या तर चाललं असतं,
माझं नाव घेऊन ओरडत होते.
पाण्यावर वीज दुप्पट, हे खरंच आहे.
फक्त तिला
मगर कुठली आणि माणूस कुठला, ते कळत नाही.

"काका, चाळीस सेकंद!"

मी हरळ्या घेतला. लेव्हल अकरा.
रेवण हसला, तस्नीमनं हसू गिळलं.
मला आठवली सबस्टेशनच्या आवारातली हरळी,
पाणी उतरल्यावर, गाळ फोडून
सगळ्यांच्या आधी वर आलेली.
आवारात गवत ठेवायचं नसतं, नियम आहे.
मी आठवडाभर तिकडं बघितलंच नाही.

मग डोहमगर उठला.
खरी कृष्णा खाली शांत, एक म्हैस डुंबत होती,
आणि आम्ही चौघं स्क्रीनवर माना घालून
त्याची ताकद उतरताना मोजत होतो,
आयर्विनच्या खांबावरचे फूट मोजावेत तशी:
अजून एक, अजून अर्धा, थांबलं का, नाही, उतरतंय.
रेवणचे दोघे पडले. तस्नीमचा टिकला.
माझा हरळ्या तीनदा आडवा झाला, तीनदा उठला,
चौथ्यांदा नाही.

वेळ संपली तेव्हा मगरीची
नखभर ताकद उरली होती.

"कडाड्या असता तर पडला असता," धवल म्हणाला.
रागानं नाही; गणित चुकल्यावर
उत्तर मागं बघून सांगतात तसं.
"उद्या परत उठतोय. याच वेळेला."
पुड्यातले उरलेले शेंगदाणे त्यानं मला दिले.

फोन वाजला. विश्रामबागला एक फेज गेलेली.

रात्री खांबावरून उतरलो, शिडीशी टेकलो,
यादीच्या तळाशी गेलो.
होता तिथंच. अंगठ्याएवढा, निळा,
बघत होता माझ्याकडं.
मोजे घालून स्क्रीन चालत नाही.
काढले,
आणि उघड्या बोटानं
त्याला पहिला घास भरवला.