चिमणी

संध्याकाळी सव्वासहाला हॉस्पिटलची व्हॅन
खालच्या बकाल्यापाशी हॉर्न देते, एकदाच.
शीला जिना उतरते, पांढरे बूट हातात घेऊन,
आणि घरात उरतो मी, साडेचार वर्षांची यशी
आणि फहाहीलची अजून न निवलेली संध्याकाळ.

पहिले पंधरा दिवस नुसता धिंगाणा.
दहाला दूध, अकराला पुन्हा भूक,
बाराला मोबाइलवर कुठलंसं लाल अस्वल,
एकला रडणं. मी ओरडायचो तिच्यावर
आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहायचो.
साइटवर एकदा ड्रॉइंग उलटं धरलं होतं तासभर.
मुतैरीनं ते माझ्या हातातच सरळ करून दिलं,
काही न बोलता.

शीला म्हणाली, आमच्या वॉर्डात कसं,
हँडओव्हर रोज एकाच क्रमानं.
बेड एक, बेड दोन, बेड तीन.
क्रम चुकला की माणूस चुकतो.
एवढं बोलून झोपली, भर दिवसा,
उशी डोळ्यांवर घेऊन.

मग मी क्रम धरला.
इथं उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी घ्यायचं.
यशीला हे फार आवडलं:
जगात एक गोष्ट उलटी आहे
आणि ती फक्त आपल्याला माहीत आहे.
अंघोळ. मग दात, पुढचे तिनं, मागचे मी.
वेणी सोडून खोबरेल, एक बोट.
ईशाची बांग सुरू झाली की खेळणी टोपलीत,
बांग संपेपर्यंत जेवढी जातील तेवढी.
उरली ती उरली.
एसी चोवीसवर. पडदा अर्धा.

लांब रिफायनरीच्या टोकाला आग जळत असते.
पहिल्या रात्री म्हटलं, ती बघ चिमणी.
तिनं खूप वेळ पाहिलं.
"घरटं कुठंय?"
आमच्याकडे वरोऱ्याला वीज गेली की
आई रॉकेलची चिमणी लावायची,
आणि फुंकल्यावर तिचा वास
नाकात रेंगाळायचा, झोप लागेपर्यंत.
हे सगळं सांगत बसलो नाही.
म्हटलं, ही चिमणी झोपत नाही. रात्रपाळीला असते.
"आईसारखी?"
आईसारखी.

तेव्हापासून शेवटी एक फुंकर, खिडकीच्या काचेवर.
चिमणी काही विझत नाही.
दिवा मी विझवतो.

जूनमध्ये तीन दिवस धूळ होती.
खिडकीत नुसतं मातकट, समोरची इमारतही गेली.
तरी तिनं फुंकर मारली.
दिशा बरोबर होती.

आता नऊच्या आत तिचा श्वास लांब होतो.
मी तिथंच आडवा, एक कान तिच्याकडे,
आणि बऱ्याचदा दुसरा कान आधी झोपतो.

त्या शुक्रवारी शाळा नव्हती.
शीला पावणेआठला आली
आणि टेबलाशी बसली, युनिफॉर्मवरच.
चहाला साय धरली.
म्हणाली, बेड सहा रिकामा झाला.
मला विचारायला काही सुचलं नाही.

यशीनं तिचं बोट धरलं. नळाकडे नेलं.
"हा नाही, तो. त्यातच गार येतं."
दात. "पुढचे तू, मागचे मी."
अंबाड्याच्या पिना एकेक काढल्या,
दोन खाली पडल्या, त्या तशाच.
खोबरेल, एक बोट.
बांग नव्हती, तेव्हा खेळणी तिथंच राहिली.
पडदा अर्धा.

बाहेर लखलखीत ऊन.
आग दिसतच नव्हती,
टोकावरची हवा तेवढी थरथरत होती.
"फुंक," यशी म्हणाली.
शीलानं माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे,
आणि फुंकर मारली.

यशी माझ्याकडे बघत थांबली.
दिवा लागलेलाच नव्हता.
मी उठलो. आधी लावला,
मग विझवला.