अठ्ठाविसावी फाईल

एडिटर उघडायला दोन पूर्णांक चार सेकंद.
दादा म्हणतात, मग काय झालं गं,
भट्टी तापाय अडीच तास लागत्यात.

उद्यमनगरात खाली आमचं पॅटर्नचं दुकान.
दादा सागवानातून पंपाचं कव्हर काढतात,
मापापेक्षा जरा मोठं,
कारण ओतीव थंड होताना अंग आखडून घेतं.
त्या जराशासाठी त्यांची फूटपट्टीच वेगळी.
चौथीत मी ती चुकून शाळेत नेली,
आणि वर्गातला सगळ्यात खोटा चौकोन माझा निघाला.

वरच्या खोलीत मी, आणि एकेचाळीस फायली.
एकीला एकच काम.
एक कंस जुळवते, एक रंग देते,
एक रफार ज्याच्या डोक्यावर हवा त्याच्याच डोक्यावर ठेवते.
सात वर्षांपूर्वी ही सगळी एकच फाईल होती,
तीन हजार ओळींची,
स्वल्पविराम हलला की पुरती आंधळी होणारी.
मग तोडत गेले.
दाराच्या मागे खडूनं लिहिलं:
न विचारता दुसरीच्या घरात शिरायचं नाही.
तरी शिरतातच. पाणी भरायला म्हणून जातात
आणि देव्हाऱ्याची जागा बदलून येतात.

आता कुठकुठली माणसं हे वापरतात.
मला त्यांची नावं माहीत नाहीत,
तक्रारी माहीत आहेत.

मार्चमध्ये झाडलोट काढली.
सगळ्यांना सांगितलं, उजाडताच उठून बसू नका,
हाक मारेन तेव्हा या.
दोन पूर्णांक चारचे शून्य पूर्णांक चार झाले.
मग अठ्ठाविसावी दिसली. नाव: डावखुरी.
कुणीतरी पाठवलेली, मी घेतलेली,
चार वर्षांत कुणी हात न लावलेली.
काढून टाकली.
नवी आवृत्ती सोडली, भडंग खाल्लं, झोपले.

पाचव्या दिवशी हातकणंगल्याहून मेल आली.
शीतल चौगुले. दूध संस्थांचे वार्षिक अहवाल टाइप करतात.
उजवा हात पॉवर प्रेसमध्ये गेला, मनगटापासून,
हे त्यांनी मधेच एका ओळीत सांगितलं,
पत्ता सांगावा तसं.
जुन्या आवृत्तीवर राहीन म्हणाले, चालतंय,
फक्त कळवावं वाटलं.
अख्ख्या पत्रात पूर्णविराम एकही नव्हता.
दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं,
ती कळ उजव्या बाजूला असते.

खाली जाऊन दादांना विचारलं,
तुम्ही जुने पॅटर्न कधी जाळलेत?
जाळले की. गेल्या दिवाळीआधी. माळा भरलावता.
आणि पाडव्यानंतर त्यातल्याच एकाचं गिऱ्हाईक आलं,
बंद पडलेल्या कंपनीचा पंप, विहीर अजून चालू.
मग?
मग काय, तीन रात्री बसून नवा केला. पैसं पुरं घेतलं.
जाळल्यालं सांगितलं नाही.
रंध्याखालून भुसा वळत राहिला.
ते वर बघेनात, मीही थांबले नाही.

जुनी फाईल परत आणली तर ती चालेना.
चार वर्षांत आजूबाजूची दारं बदललेली,
ती जुन्या उंबऱ्यांना अडखळत होती.
नव्यानं लिहावी लागली.
तपासायला उजवा हात मांडीखाली घेऊन बसले.
पहिल्या मिनिटाला तो तीनदा निसटून वर आला.
डाव्या करंगळीला रग लागली.
कंस उघडला, बंद करायला पोचेना,
एवढ्याशा वाक्यासाठी मनगट गावभर फिरलं.
दीड वाजता शिरोलीकडं भोंगा झाला,
तेव्हा मांडीखालचा हात बधिर होता
आणि मी पहिला परिच्छेद पुरा केला होता.

उघडायला आता शून्य पूर्णांक त्रेचाळीस.
तीन शतांश वाढले. राहू देत.
सर्वात वर, फाईलीचं काम सांगतात तिथं,
चौगुल्यांचं नाव घालावं का, ठरत नव्हतं.
नाही घातलं. लिहिलं,
ही वापरात आहे, काढण्याआधी विचारा.
डाव्या हातानं लिहिलं,
आणि पूर्णविराम दिला, अंगठ्याजवळच्या नव्या कळीनं.