वाळवण

निफाडला काल पारा साडेचारवर उतरला.
खोबरेल बाटलीत थिजलं,
चमच्याच्या दांड्यानं उकरावं लागलं.
पहाटे बागवाल्यांनी द्राक्षांच्या ओळींमधून शेकोट्या पेटवल्या
आणि तो धूर माझ्या केसांत शिरला
तो शिरलाच.

केस म्हणजे जटा. एकतीस.
चार वर्षांपूर्वी कंगवा सोडला
आणि नुसती वाट पाहिली,
बाकीचं केसांनीच केलं.
पॅकहाऊसमध्ये एका जाळीत मावत नाहीत,
गांगुर्डे सुपरवायझर दोन जाळ्या देतो
आणि दोन जाळ्यांची वेगळी सही घेतो.
पिंपळगावच्या स्टँडवर एका बाईनं
माझ्या पायाशी दहा रुपये ठेवले होते,
हात जोडून निघूनही गेली.
मी त्याचा चहा प्यायले.

कौतिकआत्याची एकच होती.
मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली, बावीस वर्षं.
तिला देवी म्हणत,
आणि देवीला कोणी विचारत नाही
मान दुखते का.
फणी नाही, साबण नाही. हळद-कुंकू मात्र भरपूर.
संक्रांतीला कादवेवर नेऊन बुडवत
आणि घरी आणून सोडून देत.
मग आठ-आठ दिवस
पाठीवर ओलं पोतं.
जानेवारीतलं.

शाळेतल्या दोन बाई यायच्या.
चार महिने नुसत्या चहाला आल्या,
पाचव्या महिन्यात पर्समध्ये कात्री होती.
आत्या सांगते, कापल्यावर उठले
तर तोल गेला,
डोकं कुणी उचलून नेल्यासारखं.

आता तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी, पांढरी.
आणि दर रविवारी अकरा वाजता
ती माझ्या गच्चीवर येते,
रिठ्याचं पाणी तिनं रात्रीच भिजत घातलेलं असतं.
कोमट. कढत नको, टाळूची साल निघते.
बोटांची पेरं मुळाशी, नखं नाहीत.
टॉवेल नको, त्याची लव आत अडकते
आणि मग मरेपर्यंत निघत नाही;
दादांचं जुनं धोतर घे,
एकेक गुंडाळ, दाब, पिळू नको,
दाब.
तिळाचं तेल दोन थेंब, फक्त मुळाला.
माझ्या लोकरी कानटोपीला आतून
तिनं ब्लाऊजचं जुनं सॅटिन शिवलंय,
जांभळं, कुठल्या तरी लग्नातलं.

शेजारच्या गच्चीवरून रोहिणीवहिनी विचारतात,
काय घातलंय वाळत?
आत्या म्हणते, कुरडया.

मग ती माझ्या मागे पाटावर बसते
आणि एकेक जट नाकाशी धरते.
हाताला कोरडी लागते गं, ती सांगते,
पण आत असते.
आतली वल्ली नाकालाच कळते.
ही झाली. ही नाही. ही झाली.
जी नाही झाली ती उन्हाकडे वळवून ठेवते
माझ्या खांद्यावरून पुढे,
मांजराला उचलून ठेवावं तशी.

मी विचारलं, हे कोणी शिकवलं तुला?
कोणी शिकवायचं?
माझी वल्ली होती ना.

खाली रस्त्यावरून क्रेटचा टेम्पो गेला.
टाकीची सावली आमच्याकडे
वीतभर आली.
तिनं एक जट तळहातावर घेतली,
वजन बघतात तशी वरखाली केली,
आणि अगदी सहज,
भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं:
तुझ्या कधी काढायच्या?

मनात येईल तेव्हा, मी म्हटलं.

तिचा हात थांबला.
मनात येईल तेव्हा,
ती म्हणाली, हळू,
गरम घास तोंडात फिरवावा तशी.
परत एकदा म्हणाली.
मी मागे वळून पाहिलं नाही.
माझ्या मानेवर तिचा श्वास होता, उबदार,
आणि कितीतरी वेळ
पुढची जट नाकापर्यंत गेलीच नाही.

मग म्हणाली,
सतरा झाल्या, चौदा राहिल्या.
सरक जरा इकडं,
ऊन सरकलंय.