नियोजित, प्रत्यक्ष, कारण

मालिकेचं नाव 'निमिष'. एकूण भाग दहा, पैकी नऊ पाहिले.
पाहिले रात्रपाळीत, मिरज स्टँडच्या केबिनमध्ये,
दोन दहाची पुण्याची सुटल्यावर
चार पंचेचाळीसची जतची लागेपर्यंत,
वाहक कलावती ऐवळे यांच्या मोबाइलवर.
मोबाइल टेकवलेला पावत्यांच्या खोक्याला.

अभिप्राय देणार: मी, दस्तगीर शिकलगार, वाहतूक नियंत्रक.
मालिकेतलं मला कळत नाही.
वेळेतलं कळतं.

नायक लाल अंगरख्यातला. अंगठा दाबला की
अकरा मिनिटं मागे जातो. अकराच.
पहिल्या भागात म्हातारा शास्त्रज्ञ
बोट नाचवून तीनदा बजावतो.
आणि पाचव्या भागात हा गडी
थेट बारा वर्षं मागे, स्वतःच्या शाळेत,
मधल्या सुट्टीत उभा.
मी रद्द तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
अकरा-अकराच्या पाच लाख त्र्याहत्तर हजार उड्या.
दाढीसुद्धा वाढली नाही.

चौथ्या भागात खलनायक पुलावरून पडून मेला.
सहाव्यात चहा पितोय. बशीतून.
कुणी विचारत नाही, अहो, तुम्ही मेला होता ना?
नायकाच्या कपाळावरची खोक आधी डावीकडे,
गाण्यानंतर उजवीकडे,
नवव्या भागात खोक रजेवर.
आणि एकाच खोलीत दोन-दोन निमिष!
एका ड्यूटीला दोन चालक लावले
तर आम्हाला वरून पत्र येतं.
भत्ता कुणाच्या नावावर काढायचा?

कलावती म्हणाल्या, "चाचा, तुमी लई कीस पाडताय.
पोरगं आईला वाचवाय गेलंय,
टायमटेबल बघत बसंल व्हय?"

बरोबर आहे. पण आई वाचली ना सातव्या भागात,
मग आठव्यात भिंतीवर तिचा फोटो का, हारासकट?
आणि ती स्वतः त्याच फोटोखाली बसून
मेथी निवडतेय.
यावर कलावती काही बोलल्या नाहीत.
चित्र थांबवून दोन बोटांनी मोठं केलं.
हार ताजा होता.

आमच्या रजिस्टरला तीन रकाने असतात:
नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण.
पंक्चर. वाहक उशिरा. अंकलीच्या पुलावर खोळंबा.
तिसरा रकाना भरल्याशिवाय मी सही करत नाही.
या मालिकेत तिसरा रकाना कोरा.

दहावा भाग लागेना. पडद्यावर गोल फिरत राहिलं.
कलावतींनी सहज विचारलं,
"तुमाला घावली अकरा मिन्टं, तर कुटं जाशीला?"

जूनमधला मंगळवार. पाच दहाची विट्याची.
गाडी खच्चून भरलेली, चालक हॉर्नवर हॉर्न,
मी पाच सातलाच सोडली.
गेटातून वळली न वळली तोच
मुतारीकडून एक पोरगं पळत आलं.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीशी प्लॅस्टिकची फाइल,
एकाच पायात चप्पल.
आधी त्यानं धुराकडे पाहिलं,
मग स्टँडच्या घड्याळाकडे. मग माझ्याकडे.
घड्याळात पाच आठ.
"गेली?" एवढंच म्हणाला.
मी म्हणालो, वेळेत गेली.
आणि रजिस्टरात लिहिलं:
नियोजित ५.१०. प्रत्यक्ष ५.१०.
कारण: आडवी रेघ.

हे मी कलावतींना सांगितलं नाही.
म्हणालो, अकरा नकोत, तीन पुरेत.
"तीन मिन्टांत काय हुतंय ओ?" म्हणाल्या,
आणि तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून गेल्या.

दहाव्या भागात म्हणे सगळं जुळतं.
जुळवणाऱ्याचं अक्षर
माझ्यासारखं निघालं नाही म्हणजे झालं.

चार पंचेचाळीसची जतची गाडी
चार अठ्ठेचाळीसला सुटली.
फलाटावर कुत्रं सोडून कुणी नव्हतं.
चालक खिडकीतून ओरडला, कशाची वाट बघताय?

कारण: नियंत्रक.