सेटअप नंबर तीन

अक्कलकोट रोडला, विणकर सोसायटीच्या मंगल कार्यालयात
सकाळी सहालाच शटर वर केलं.
कालच्या लग्नाच्या अक्षता अजून फरशीवर.
नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच राहू दिल्या,
फायनल त्यांच्यावरच बसून खेळायची ठरली.

आठ मॉनिटर, आठ सीपीयू, भाड्याचा एक जनरेटर
आणि अर्थिंग नसलेला एक बोर्ड,
ज्याला हात लागला की मे महिन्यातही अंगावर काटा येतो.

लढायचं काम माझं नाही.
मी उशीर मोजतो.
बटण दाबलं नि ठोसा निघाला, मधे किती गेलं ते.
एका सेकंदाचे साठ तुकडे. त्यातले तीन चालतात.
पाच झाले की पोरं म्हणतात,
"व्यंकीभाऊ, जड लागालंय बे काहीतरी."
माझ्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळतं.

आमचे नाना पस्तीस वर्षं जॉबर.
चोवीस माग एकदम खडखडताना
हातातली बशी खाली न ठेवता सांगायचे,
"अकराव्याचा धोटा अडखळतोय."
मोबाइलचा स्लो कॅमेरा लावून मी जे पकडतो
ते त्यांनी कानानं धरलं.
डाव्या कानानं. उजवा मागांनी आधीच खाल्ला होता.

आता सांगायचं ते सांगतो.
मॉड मीच केला होता.
माळ्यावर नानांचे भोकं पाडलेले पुठ्ठे सापडले,
भोक म्हणजे तार वर, भोक नाही म्हणजे खाली.
चार रात्री जागून एकेक भोक मोजून
गेममधल्या त्या बर्फाळ देशातल्या पहिलवान बाईला
मी चादर पांघरली,
लाल-काळी, कडेला पायऱ्यांची नक्षी.
तिनं लाथ मारली की काठ उडायचा.
एकटाच बघत बसलो होतो, पंखा बंद ठेवून.

स्पर्धेत मॉड चालणार नाही,
हा नियमही मीच टाइप केलेला,
लॅमिनेट करून दाराला चिकटवलेला.
सात मशिनी साफ केल्या.
तिसरीच्या वेळी लाइट गेली
आणि आल्यावर मी चौथीकडे वळलो.

सेमीफायनल. घोंगडे वस्तीची अंबिका येमूल,
मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात बारा बटणं बसवून आणलेली.
समोर तौफिक बागवान.
अंबिकानं बाई निवडली
आणि बाई आली चादर पांघरून.
"आगं बाबोऽऽ" म्हणून हॉल उठला.
मी उभा होतो तिथंच वितळलो.

दोन राउंड अंबिकानं घेतले. सुरेख घेतले.
मग तौफिकनं हात वर केला, शाळेत करतात तसा.
"भाऊ, मॉड हाय.
भारी हाय.
पण हाय."

मी मोजलं. तीनच तुकडे.
चादरीनं काही बिघडवलं नव्हतं.
हे सगळ्यांसमोर बोललोही,
आणि तरी मॅच रद्द केली.
नाना तयार माल उलगडून बघायचे,
एक तार चुकली तरी 'सेकंड'चा शिक्का.
कुणाला दिसत नाही, नाना.
मला दिसतंय की.

पाच नंबरवर पुन्हा खेळले.
उघड्या दंडांची बाई, बर्फ, तीन-दोन.
अंबिका हरली.
डबा पिशवीत घातला आणि पाणी प्यायला गेली,
बराच वेळ गेली.

रात्री मी एकटाच वायरी गुंडाळत होतो,
कोपरापासून पंजापर्यंत, सूत गुंडाळतात तशा.
ती आली. म्हटलं, आता ऐकून घ्यायचं.
तिनं पेनड्राइव्ह पुढे केला.
"ती चादर द्या.
आणि दारावरच्या कागदात 'निर्णय'चा रफार चुकलाय."

कॉपी व्हायला चाळीस सेकंद दाखवत होतं.
चोवीसशे तुकडे.
बाहेर तिची आई स्कूटीचा हॉर्न वाजवत होती.
"नक्षी कुणाची?" तिनं विचारलं.
मी नानांचं नाव सांगितलं,
पूर्ण, आडनावासकट,
आणि त्या बोर्डापासून तिला जरा लांब उभं राहा म्हणालो.